साहेबांची नळी

सांता ब्रिहिदा, ४ जून २०१२

नेलिदा वहिनी,

वहिनी म्हटलं म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. आमच्या अन्सेल्मोशी तुझं लग्न झालं नाही यात तुझा दोष नाही, त्याचाही नाही. ज्याचा आहे, त्याच्याच घरात बसून मी हे पत्र लिहिते आहे.

बरोबर वाचलंस. एव्हारिस्तो साहेब. आपल्या साखर कारखान्याचे तेव्हाचे कामगार अधिकारी. शहात्तर साली, लष्करी राजवटीत, कारखान्याच्या दारात लष्कराच्या गाडीत बसून ज्यांनी एकेका पोरावर बोट ठेवलं आणि ती पोरं पुन्हा कधी घरी आली नाहीत, तेच. गेल्या सोमवारपासून मी त्यांची सेवा करते. आधीची बाई काम सोडून गेली. त्यांची लेक ओफेलिया दुसरी शोधत होती, तर मी जाऊन उभी राहिले. आडनाव विचारलं, तेव्हा नवऱ्याचं सांगितलं. पंधरा वर्षांची शेंबडी एदेल्मिरा तिथे कुणाला आठवायला?

म्हातारा चौऱ्याऐंशीचा आहे. घरातच नजरकैदेत आहे, म्हणजे ओसरीवर एक पोलीस दिवसभर कडू माते-चहा चोखत बसतो. मार्चपासून म्हाताऱ्याला लघवीची नळी लावली आहे. खटला ऑगस्टात उभा राहायचा आहे, आणि तुला साक्षीला बोलावणार हे तुला माहीतच आहे.

आता कामाचं. तुझी सगळी हयात रोसारियोच्या इस्पितळात या नळ्या-पिशव्यांत गेली. मला सांग, नळी लावलेला म्हातारा मरतो कसा? माणसं काय काय चुका करतात? एकही न वगळता लिही. फोन करू नकोस, इथे भिंतींना कान आहेत. पत्र माझ्या घरी पाठव, मी रविवारी जाते. वाचून झालं की चुलीत घालते.

तुझी,
एदेल्मिरा


रोसारियो, १२ जून

एदे,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

मी पत्र वाचलं आणि ड्यूटीवर दोन रुग्णांची औषधं उलटसुलट देता देता राहिले. नळी लावलेला माणूस मरतो कसा म्हणे! तू काय विचारते आहेस ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. नळीवाटे जंतू मूत्राशयात जातात, तिथून मूत्रपिंडात, तिथून रक्तात, आणि म्हातारं माणूस बघता बघता जातं. कुणाला संशयही येत नाही. वय झालं होतं म्हणतात आणि कॉफी प्यायला बसतात. हे तुलाही ठाऊक असणार, म्हणून तर तू ही जागा धरलीस.

मी लिहिणार नाही. ज्या हातांनी मी माणसं जगवली, त्या हातांनी असली पाककृती लिहून देणार नाही, मग तो माणूस एव्हारिस्तो असला तरी. आणि उद्या हे उघडकीला आलं तर त्याचा वकील काय करेल? साक्षीदार बाईनेच आरोपीला मारायला शिकवलं म्हणून नाचेल तो. मग अन्सेल्मोबरोबर नेलेल्या पोरांच्या बाकीच्या अठरा घरांना काय तोंड दाखवणार?

आजच्या आज काम सोड. नाही सोडलंस तर मी स्वतः ओफेलियाला फोन करून तू कोण ते सांगेन. शपथ घेऊन सांगते.

नेलिदा


सांता ब्रिहिदा, १९ जून

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग इतकी चिडले की पीठ मळताना परातच उलटली.

मी त्याला मारायला आले असं वाटलं तुला? अगं, मारायचंच असतं तर मला काही करावंच लागलं नसतं. नुसतं घरी बसून राहायचं. त्याची लेकच ते काम करते आहे!

मला तो जिवंत हवा आहे. ऐक. निकालाआधी मेला तर खटला त्याच्यापुरता तिथेच संपतो. कायद्याने तो निर्दोषच राहतो. मग चर्चमध्ये मोठी प्रार्थना होणार, वर्तमानपत्रात 'सचोटीचा अधिकारी' म्हणून चौकट येणार, कारखान्याच्या रस्त्याला नावसुद्धा देतील मेले. आईने छत्तीस वर्षांपूर्वी पोलिसांत तक्रार दिली तेव्हा तिला हाकलून लावलं, ती पुन्हा गेली, पुन्हा हाकलली, आणि शेवटी वाट बघत मेली. आणि हा मऊ उशीवर डोकं ठेवून सुटणार? मी नाही सुटू देणार. न्यायाधीश त्याचं नाव घेऊन शिक्षा वाचेल, ती त्याने स्वतःच्या कानांनी ऐकायची. तोवर मी यमाला ओसरीवर त्या पोलिसाशेजारी बसवून ठेवणार.

पण म्हातारा टिकत नाही गं. ओफेलियाला वाटतं पिशवी खाली लोंबली की बरं दिसत नाही, म्हणून ती उशाशी टांगते. नळी पिशवीपासून काढते, धुते, परत खुपसते. परवा तर पिचकारी भरून आत जंतुनाशक सोडत होती. हात धुताना मी तिला अजून पाहिलेलं नाही. वकील येतो, म्हाताऱ्याकडे बघतो आणि तिला म्हणतो, "बाई, देवाची इच्छा असेल तसं होईल." देवाची इच्छा काय, त्याची इच्छा मला दिसते ना.

म्हणून चुका विचारल्या. आता कर हवं तर फोन ओफेलियाला.

एदेल्मिरा


रोसारियो, २७ जून

एदे,

माफ कर. पुढे त्यावर बोलायचं नाही.

आता कान उघडे ठेवून वाच. पहिली गोष्ट हात. नळीला किंवा पिशवीला बोट लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, नंतरही धुवायचे. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगट, सगळं. मी नव्या पोरींना सांगते की घाई झाली की 'आवे मारिया'ची अख्खी प्रार्थना म्हणत धुवा. तू हवं तर त्याला शिव्या देत धू, शिव्या लांब असतात.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली. वर गेली की आतली शिळी लघवी उलटी आत जाते, आणि तिच्याबरोबर जंतूंची वरात. पण जमिनीलाही टेकवायची नाही, पलंगाच्या खालच्या दांडीला अडकव. तो कुशीवर वळला, खुर्चीत बसला, तरी आधी पिशवी कुठे आहे ते बघ. नळीला पीळ नको, वाकडी वळणं नकोत, अंगाखाली दाबलेली नको. मांडीला पट्टीने नीट बांध, नाहीतर ओढ बसून आत जखम होते.

ओफेलियाची ती नळी सोडण्याची खोड आधी मोड. नळी आणि पिशवीचा सांधा उघडायचाच नाही. उघडला की दार उघडलं. पिशवी पूर्ण भरायच्या आधी खालच्या तोटीतून रिकामी कर, त्याचं भांडं वेगळं ठेव, आणि तोटी भांड्याला टेकवू नकोस. पिचकारी खिडकीतून फेकून दे. रोज साध्या साबणपाण्याने खालचं अंग आणि नळी बाहेर येते तिथे स्वच्छ धुवायचं, कातडी मागे घेऊन, आणि झाल्यावर पुन्हा पुढे आणून. शौचानंतर पुन्हा. लाज वाटते? मला पहिल्या वर्षी वाटली होती. त्याची लाज बाळगण्याइतका तो आपला कुणी नाही.

पाणी पाज. माते पिऊन भागणार नाही. लघवीला नुसता वास आला, गढूळ दिसली, म्हणून घरच्या घरी प्रतिजैविकं सुरू करायची नाहीत, त्याने जंतूच निगरगट्ट होतात. पण ताप, हुडहुडी, कमरेत दुखणं किंवा असंबद्ध बडबड यातलं काही दिसलं तर थांबायचं नाही. थेट इस्पितळ.

जगव मेल्याला. दोन्ही हातांनी जगव.

नेलिदा


सांता ब्रिहिदा, ३० जुलै

वहिनी,

मोठ्या अभिमानाने सांगणार होते की महिनाभरात म्हातारा टवटवीत झाला. लघवी पांढऱ्या वाइनसारखी स्वच्छ, गालांवर रंग, मक्याच्या लोक्रो-रश्श्याची वाटी चाटूनपुसून खायचा. ओफेलियाला मी सांगितलं, "बाईसाहेब, आमच्या इस्पितळातल्या नातेवाईक बाई म्हणतात, पिशवी वर टांगली की वास येतो." वास म्हटल्यावर लगेच ऐकलं. आरोग्य म्हटलं असतं तर ऐकलं नसतं.

म्हाताऱ्याचा माझ्यावर लोभ जडला आहे. परवा म्हणाला, "एदेल्मिरा, तुझ्यासारखी माणसं कारखान्यात हवी होती. प्रामाणिक." मी म्हटलं, "होती ना साहेब, भरपूर होती." आणि त्याची मांडी पुसत राहिले.

पण काल घात झाला. आपल्याकडची मारियामातेची फिरती मूर्ती आठवते ना, काचेच्या पेटीतली, दर आठवड्याला एका घरी मुक्कामाला जाणारी? ती काल इथे आली. सोबत पाद्री आणि गल्लीतल्या पंचवीस बाया. माझी रविवारची सुट्टी. मातेसमोर लघवीची पिशवी कशी दिसू द्यायची, म्हणून ओफेलियाने ती उचलून त्याच्या मांडीवर ठेवली आणि वरून लाल लोकरी पोंचो पांघरला! पूर्ण जपमाळ झाली, गाणी झाली, एम्पानादाच्या करंज्या वाटून झाल्या, तोवर पिशवी मांडीवर. आज सकाळी मी आले तेव्हा सगळ्या बाया सांगत होत्या की साहेबांच्या चेहऱ्यावर कसलं तेज आलं होतं. तेज कसलं, ताप चढत होता त्याला.

आत्ता दुपारी हुडहुडी भरली आहे आणि मला तो आई म्हणून हाक मारतो आहे. ओफेलिया घरच्या डॉक्टरशी बोलली. तो म्हणाला इस्पितळात नेऊन हाल कशाला करता, घरीच शांतपणे जाऊ दे. ती दुखवट्याचे काळे मोजे शोधते आहे. वकिलाला फोनही झाला, आणि फोनवर तिचा आवाज रडका नव्हता. हे पत्र बसच्या ड्रायव्हरकडे देते, उद्या तुला मिळेल. तू काय म्हणतेस ते त्याच्याच हाती कळव.

एदेल्मिरा


रोसारियो, ३१ जुलै

एदे,

जाऊ दे त्याला.

मीच आधी लिहिलं ना थेट इस्पितळ? मीच आता लिहिते, जाऊ दे. तू काहीही करू नकोस. फक्त त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेव आणि ओफेलिया म्हणते ते होऊ दे. पाप तुझ्या माथी नाही, तिच्या आहे.

मला तो मेलेला हवा आहे, एदे. सहा आठवडे झोप नाही. मी त्या दिवशी अन्सेल्मोचा डबा घेऊन दारापाशी उभी होते. गाडीची काच खाली झाली, एव्हारिस्तोचं बोट बाहेर आलं, आणि त्याच वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं. मी डबा छातीशी धरून गप्प उभी राहिले. आता मला त्याच्यासमोर उभं करून त्याचा वकील विचारणार, बाई, तुम्हाला इतक्या लांबून बोट कसं दिसलं? तुमचं नंतर दुसऱ्याशी लग्न झालं ना? किती महिन्यांनी? माझ्या पोरांसमोर विचारणार. तो मेला तर हे काहीच होणार नाही. मरू दे त्याला स्वतःच्या घाणीत. त्याच्यासाठी हेच योग्य आहे, आणि माझ्यासाठी हेच सोपं आहे.

नेलिदा


सांता ब्रिहिदा, २ ऑगस्ट

वहिनी,

तुझं पत्र पोचलं तेव्हा म्हातारा जिल्ह्याच्या सरकारी इस्पितळात सलाइनवर होता. मी तुझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. ओसरीवरच्या पोलिसाला म्हटलं, "भाऊ, कैदी तुझ्या ताब्यात असताना मेला तर चौकशी कुणाची होते?" त्याचा माते-चहाचा पेला असा काही खाली ठेवला गेला! दहा मिनिटांत रुग्णवाहिका दारात. ओफेलिया किंचाळत होती आणि मी तिच्याच हातात तिचे काळे मोजे दिले.

तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईने जुनी नळी काढून टाकली, नवी घातली आणि तिच्यातून तपासणीला लघवी घेतली. जुनीतून घेतली तर साठलेले जंतूच मोजले जातात म्हणे. ताप उतरतो आहे.

आता तुझं. तुला त्याच्यासमोर उभं राहायची भीती वाटते ना? मग वाटू दे. मी रोज त्याचं मूत ओतते. त्याला गादीवर वळवते तेव्हा तो माझ्या गळ्यात हात टाकतो. तुला एक दिवस त्याच्याकडे बघायचं आहे, आणि तेवढ्यासाठी तू माझ्या भावाचा निकाल पुरून टाकायला निघालीस? अन्सेल्मोने तुला निवडलं होतं, हे मला आज खरं वाटत नाही.

बोलायचं नसेल तर बोलू नकोस. फक्त नळीबद्दल काही सांगायचं राहिलं असेल तर ते लिही.

एदेल्मिरा


रोसारियो, ६ ऑगस्ट

एदे,

राहिलं आहे. सगळ्यात मोठी गोष्टच राहिली.

रागाच्या भरात मी तुला नळी कशी सांभाळायची ते शिकवलं, पण आमच्या वॉर्डात सकाळी पहिला प्रश्न असतो तो विचारलाच नाही: ही नळी अजून आत का आहे? नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो. जंतू टाळायचा सगळ्यात चांगला उपाय म्हणजे नको असलेली नळी काढणं. मार्चमध्ये ती का घातली? लघवी अडली म्हणून ना? मग प्रोस्टेटच्या गोळ्या देऊन काही दिवसांनी ती काढून बघायची असते. कुणी काढून बघितली का? की वकिलाने 'राहू दे' म्हटलं? नळी लावलेल्या म्हाताऱ्याला न्यायालयात आणता येत नाही, तारखा पुढे ढकलता येतात, हे त्याला बरोबर माहीत असणार.

त्या डॉक्टरीणबाईला विचार. ओफेलियाच्या समोर विचार, नर्सच्या समोर विचार, पोलिसाच्या समोर विचार. मोठ्याने.

आणि मी येणार आहे. तुला दाखवण्यासाठी नाही. तुझं पत्र कामाच्या झग्याच्या खिशात घेऊन फिरते आहे, चुलीत घालवत नाही.

नेलिदा


रोसारियो, २५ ऑक्टोबर

एदे,

काल तू माझ्याकडे एकदाही पाहिलं नाहीस. शाबास. तू पाहिलं असतंस तर मी रडले असते.

नळीशिवाय, चाकाच्या खुर्चीत, दाढी केलेला, कपडे इस्त्रीचे. इतका नीट ठेवला आहेस की क्षणभर मला वाटलं एखाद्याचे लाडके आजोबा आहेत. मग न्यायाधीश म्हणाले, तो माणूस दाखवा. आणि मी हात उचलून बोट त्याच्याकडे केलं. वकिलाने लग्नाचं विचारलंच. मी म्हटलं, "हो, केलं लग्न. नऊ वर्षं वाट पाहून केलं. तुमच्या अशिलाला विचारा, आणखी किती पाहायला हवी होती." माझा मोठा मुलगा मागे उभा राहून टाळ्या वाजवायला लागला, त्याला बाहेर काढलं.

तू त्या वेळी वाकून त्याची चादर सारखी करत होतीस. मला तुझी पाठ दिसत होती, आणि ती अगदी अन्सेल्मोसारखी होती.

तुझी वहिनी,
नेलिदा


सांता ब्रिहिदा, १६ डिसेंबर

वहिनी,

रेडिओवर ऐकलंसच. जन्मठेप. पण रेडिओवाल्यांना अर्धंच माहीत आहे.

निकाल वाचला तेव्हा म्हातारा जागा होता. मी सकाळीच पाहिलं होतं, पोट साफ, झोप नीट, कानातलं यंत्र चालू. न्यायाधीशांनी अन्सेल्मोचं नाव घेतलं तेव्हा त्याच्या जबड्याची शीर उडाली, आणि ते मी अगदी जवळून पाहिलं.

मग ओफेलियाच्या वकिलाने शेवटचा डाव टाकला. वय झालंय, आजारी आहेत, शिक्षा घरीच भोगू द्या. त्याच्यावर न्यायालयाच्या डॉक्टरांनी उठून सांगितलं की आरोपी स्वतःहून लघवी करतो, ऑगस्टनंतर ताप नाही, अंगावर एक जखम नाही, वजन वाढलं आहे, तुरुंगाच्या दवाखान्यात ठेवायला काहीच हरकत नाही. न्यायाधीश म्हणाले, मग न्या.

बाहेर व्हरांड्यात ओफेलियाने माझे दंड धरले. "तू त्यांना बरं केलंस!" असं ओरडली, जसं काही मी विष घातलं. "सटवे, तू त्यांना इतकं धडधाकट का ठेवलंस?" पोलिसांनाही हसू आवरेना.

आणि म्हातारा, ऐक, म्हातारा माझा पदर धरावा तसा ॲप्रन धरून पोलिसांना म्हणाला, "हिला माझ्याबरोबर येऊ द्या. तिथे माझं कोण करणार? हिच्यासारखे हात कुणाचे नाहीत." रडत होता. मला क्षणभर, खोटं कशाला बोलू, कीव आली. सहा महिने मी ते अंग धुतलं आहे. मग मी त्याच्या खुर्चीसमोर उकिडवी बसले, म्हणजे त्याला माझं तोंड नीट दिसावं, आणि म्हटलं, "साहेब, मी अन्सेल्मोची बहीण. कारखान्याच्या दारातल्या."

त्याने ॲप्रन सोडला. मी विचारलं, तो कुठे आहे? कुठे पुरलात? तो म्हणाला, आठवत नाही. ज्याला दुपारी दोन चमचे साखर कमी पडली तर आठवतं, त्याला हे आठवत नाही. ते त्याने मला दिलं नाही, वहिनी. ते बहुतेक आता कधीच मिळणार नाही, आणि घरी आल्यावर मी त्यासाठी आईचं नाव घेऊन रडले.

मग त्यानेच विचारलं, अगदी हळू, "तेव्हा ताप आला होता तेव्हा मला मरू का नाही दिलंस?"

मी म्हटलं, "साहेब, मेलेल्याला शिक्षा ऐकू येत नाही."

आणि पाण्याचा पेला पुढे केला, रोजच्यासारखा. जूनपासून माझ्या हातून पाणी पिणारा माणूस त्या पेल्याकडे असा बघत होता की त्याचे ओठ सुकले तरी उघडेनात. "प्या साहेब," मी म्हटलं, "लघवी साफ राहते." तो प्यायला नाही. मग मी तुरुंगाच्या नर्सला बाजूला घेऊन सगळं समजावलं. गोळ्या कुठल्या, पाणी किती पाजायचं, पुन्हा लघवी अडली तर काय करायचं, नळी घातलीच तर ती काढायची तारीख त्याच दिवशी ठरवायची, आणि हात, हात सगळ्यात आधी. ती पोरगी म्हणाली, "किती जीव लावला आहे हो तुम्ही आजोबांना."

मी म्हटलं, हो गं बाई. देव त्यांना उदंड आयुष्य देवो. शंभरी गाठू दे, आणि एक दिवससुद्धा ताप येऊ नये.

तुझी नणंद,
एदेल्मिरा